देव्हाऱ्यात राहिलेल्या गोळ्या

पहिली चाई सासूबाईंना दिसली, मला नाही. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं आणि मांडवात जायच्या घाईत त्या माझ्या मागे उभ्या राहून अंबाड्यात अबोलीचा वळेसार माळत होत्या. माळता माळता त्यांचा हात थांबला.

"गो, हंयचे केस खंय गेले तुझे?"

मी उजव्या कानामागे बोटं नेली. रुपयाएवढी जागा, अगदी गुळगुळीत, जणू तिथे कधी काही उगवलंच नव्हतं. सासूबाईंनी वळेसार थोडा खाली ओढून त्यावर आणला, पिन खोचली आणि दाराकडे पाहत हळूच म्हणाल्या, "चाई आसा. कोणाक सांगा नुको." त्या दिवशी मी जेवले, ओट्या भरल्या, फोटोत उभी राहिले, आणि सगळा वेळ माझं लक्ष कानामागे होतं.

चाई म्हणजे रात्रीचा येऊन केस खाणारा किडा, असं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या समजतात. मी कट्टा गावाजवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. असला किडा नसतो हे मला माहीत होतं, आणि तरी पुढचे काही दिवस मी सकाळी उठले की उशीचा अभ्रा झटकून बघत असे. शिक्षण डोक्यात असतं, भीती कुठे असते देव जाणे.

एकाच्या दोन जागा झाल्या, मग त्या एकमेकींना मिळाल्या. सासूबाईंनी जास्वंदीचा पाला वाटून लावला. मग कांद्याचा रस. मग गुंजा उगाळून. शेवटी कोणीतरी बिब्बा सांगितला आणि त्याने कातडी अशी पोळली की मी आठवडाभर डोक्याला कपडा लावू शकले नाही. तेव्हा मी चिडून सगळ्या वाट्या न्हाणीघराबाहेर फेकून दिल्या. सासूबाईंनी वाट्या गोळा केल्या, घासल्या आणि फळीवर पालथ्या घातल्या.

केस गेले. नंतर भुवया गेल्या. त्यानंतर पापण्या गेल्या, आणि पापण्या कशासाठी असतात हे वर्गात इतकी वर्षं शिकवूनही मला तेव्हाच कळलं. दुचाकीवरून कट्ट्याला जाताना रस्त्यावरचा लाल धुरळा सरळ डोळ्यांत जायचा. नाकातले केस गेल्यामुळे नाक कायम वाहतं राहायचं, ते तर कोणी सांगितलंच नव्हतं. नखांवर बारीक खड्डे पडले. आरशात बघितलं की कोणीतरी रबराने खोडून अर्धवट ठेवलेलं तोंड दिसायचं. मी सुंदर होते असं नाही, पण मी कोणीतरी होते. आता आरशातल्या बाईला मी ओळखायचे ती फक्त तिच्या मंगळसूत्रावरून.

लोकांना वाटलं कॅन्सर. बसस्टॉपवर, बाजारात, शाळेच्या ऑफिसात बायका हात हातात घेऊन डोळे भरून विचारायच्या, "कितवी केमो?" कॅन्सर नाही म्हटलं की त्या जराशा निराश व्हायच्या असं मला वाटायचं. मग लगेच म्हणायच्या, "मगे केसच ना! जीवार तर नाय." केसच ना. हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले की एकदा स्टाफरूममध्ये एका बाईंना मी सरळ म्हटलं, "द्या तर तुमचे काढून, केसच ना." त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

शाळेसाठी मी केसांचा टोप घेतला. कोल्हापूरहून आणला, चांगल्यातला, आणि भुवया पेन्सिलने काढू लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी मात्र त्या टोपाखाली डोकं उकडून निघायचं, म्हणून सुती रुमाल बांधायचे. नवरा म्हणायचा, "घरात कोणापासून लपवतंस? काढ मगे." तो काजूच्या बागेत राबणारा, मोजकं बोलणारा माणूस आहे आणि मनापासून म्हणायचा. पण सासूबाई समोर असल्या की मी रुमाल काढत नसे, कारण त्या माझ्या डोक्याकडे बघत नसत. माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या हनुवटीच्या वर चढायची नाही. मला त्याचा राग यायचा. एकदा मी विचारलंच, "आई, तुमका माझी किळस येता काय?"

त्या भात पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "किळस नाय गो. मी ल्हान असताना शेजारी एक म्हातारी होती. घोव मेलो म्हणान तिचे केस काढल्यानी. अंधारातल्या खोलयेत बसान रवायची. माझो झिल जितो आसा. तुझा डोक्या तसा माका बगवना नाय." मग त्यांनी सूप पुन्हा उचललं. झिल म्हणजे मुलगा, माझा नवरा; तो जिवंत असताना माझं डोकं त्यांना विधवेचं दिसत होतं.

गोव्याला जायचं मी ठरवलं ते त्यानंतर. आमच्याकडे मोठं दुखणं म्हटलं की गोवाच. सकाळच्या एसटीने निघून गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका ओलांडला की माणसाला वाटतं आता निकाल लागणार. तिथली डॉक्टरीण माझ्याहून वयाने लहान होती, कोंकणी मिसळलेलं मराठी बोलायची. तिने रुमाल काढायला सांगितला आणि माझ्या डोक्याकडे नीट, सरळ, बराच वेळ पाहिलं. कितीतरी दिवसांत कोणी तसं पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. तिने रडू दिलं आणि भिंगातून बघत राहिली.

तिने जे सांगितलं ते मी नववीच्या वर्गात निम्मं शिकवतेच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी, बाहेरून आलेला जंतू ओळखतात आणि मारतात. उरलेलं निम्मं मी कधी शिकवलं नव्हतं. ते पहारेकरी कधी कधी चुकतात. स्वतःच्याच केसांच्या मुळांना परकं समजून त्यांच्याभोवती जमतात. का चुकतात ते पुरतं कोणालाच माहीत नाही. थोडं रक्तातून येतं, थोडं कशाने तरी चेतवलं जातं. तेलाने होत नाही, शाम्पूने होत नाही, कोणाच्या नजरेने होत नाही, आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

"राखणदार असतो ना तुमच्या गावात?" तिने विचारलं. गावाची सीमा राखणारा, रात्री काठी आपटत फिरणारा अदृश्य राखणदार. आमच्याकडे प्रत्येक गावाला तो असतोच. "तो समजा घरच्याच माणसाला चोर समजून दारात बसला. माणूस बाहेर पडेल का? तसं झालंय. पण मुळं मेलेली नाहीत. घर बंद आहे, मोडलेलं नाही."

परतीच्या एसटीत हे शेवटचं वाक्य मी मनातल्या मनात म्हणत आले.

चाई लहान असेल तर तिथल्या तिथे इंजेक्शनं देतात. माझं डोकंच्या डोकं गेलं होतं, तिथे इंजेक्शनं कुठे कुठे देणार? अशा वाढलेल्या दुखण्यासाठी आता नव्या गोळ्या निघाल्या आहेत, असं तिने सांगितलं. सांधेदुखीच्या एका प्रकारात आधीपासून वापरतात त्याच जातीच्या. पहारेकऱ्यांना जो चुकीचा निरोप पोचतो तो त्या वाटेत अडवतात. ऐकायला सोपं वाटतं, पण निरोप अडवला की खऱ्या जंतूंच्या वेळचा निरोपही कमी पोचतो. म्हणून आधी क्षयाची तपासणी, काविळीची तपासणी, छातीचा फोटो, रक्त, यकृत, चरबी. गोळ्या सुरू झाल्यावरही ठरल्या वेळी रक्त तपासायचं. ताप आला, अंगावर नागीण उठली, पाय सुजून दुखायला लागला, तर लगेच कळवायचं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आला तरी महिनोन्महिने वाट पाहावी लागते. आणि सोडल्या तर केस पुन्हा जाऊ शकतात. "म्हणून मनाने बंद करू नका," ती दोनदा म्हणाली.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "घे. बघूया." सासूबाईंनी मात्र तोंड वाकडं केलं. "असल्या गोळयांनी केस येतत? तुझ्या डॉक्टरणीक इचार, तिचे तरी खरे आसत काय?" त्या दिवसापासून रोज रात्री जेवल्यावर मी गोळी तोंडात टाकली की त्या भांडी जरा जोरात आपटायच्या. या घरात माझ्या बाजूने फक्त नवरा आहे, असं मी धरून चालले होते.

पावसाळा गेला, भाताची कापणी झाली. डोकं तसंच. मी वाट बघणं सोडत आले होते, आणि एका सकाळी तोंड धुताना कपाळाखाली बोटाला काहीतरी खरखरलं. भुवई होती. म्हणजे भुवईचे चार केस. मग डोक्यावर, अगदी टाळूवर, लव आली, पांढरट, वासराच्या कानामागे असते तशी. मी ती नवऱ्यालाही दाखवली नाही. दाखवली की जाईल असं वाटायचं. विज्ञानाची शिक्षिका मी, आणि माझ्या डोक्यावरच्या लवेला माझीच नजर लागू नये म्हणून मी आरशात कमी बघू लागले. रोज रात्रीची ती एक गोळी आणि ती लव, एवढ्यावर माझं सगळं चाललं होतं.

आणि नेमकी त्याच हिवाळ्यात गावपळण आली.

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. माझ्या सासरी काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाला कौल लावतात, आणि देवाने होकार दिला की सगळा गाव तीन दिवस तीन रात्री सीमेबाहेर राहायला जातो. सगळा म्हणजे सगळा. गुरं, कोंबड्या, मांजरं, बाळंतीण असली तर तीसुद्धा. ख्रिस्ती घरं जातात, मुसलमान घरं जातात. त्या दिवसांत गाव देवाचा, तिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, आणि तो मिळाला तरच परत. नाही मिळाला तर आणखी थांबायचं. माझ्या माहेरी कट्ट्याकडे असलं काही नाही, त्यामुळे लग्न झालं तेव्हा मला हे ऐकून हसू आलं होतं.

या वेळी हसू आलं नाही. माडाच्या चुडतांच्या झोपड्यांत, एकाला लागून एक, अख्ख्या गावासमोर राहायचं. व्हाळावर, म्हणजे उघड्या ओढ्यावर, आंघोळ. टोप घालून चुलीपुढे बसणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, मी कट्ट्याला आईकडे जाते, काही लोक जातात तसे. पण सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना बसतं-उठतं करायला कोणीतरी हवं, आणि त्या कट्ट्याला यायला तयार नव्हत्या. "गाव थंय मी," त्यांनी सांगून टाकलं. निघायच्या सकाळी सामानाची बांधाबांध, कोंबड्या धरणं, म्हशीची ओढाताण, यात गोळ्यांची निळी पिशवी मी आठवणीने सगळ्यात वर ठेवली होती. देवळात नौबत वाजली आणि सगळा गाव रस्त्यावर आला. नवऱ्याने दाराला कडी घातली.

संध्याकाळी झोपडीत पेज-भाजी झाली. मी सामानात हात घातला. पिशवी नव्हती. मी सगळं सामान उपसलं. चादरी झटकल्या, तांदळाचा डबा पालथा केला. नवरा बॅटरी घेऊन बैलगाडीत बघून आला. तेव्हा कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "शोधू नुको. घरात रवल्यो."

"घरात खंय?"

"देवाकडे."

मला काही कळेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. "निघताना देवाफुडे नारळ ठेवलंय. मगे वाटला, तुझ्यो गोळ्यो पण ठेवया वायच. गाऱ्हाणा घातलंय. म्हटलंय, बाबा, ह्या औषध खरा काय खोटा माका कळणा नाय. पण ता रोज घेता. गुण दी. तेवढ्यात नौबत झाली, म्हशीन दावा तोडल्यान, आणि मी विसारलंय गो."

माझा राग असा उसळला की मी काय काय बोलले ते सगळं मला लिहिता येणार नाही. गोळ्या देवाला दाखवायच्या कशाला? देवाने लिहून दिल्यात? शेजारच्या झोपड्यांतलं बोलणं बंद झालं. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "मी जावन हाडतंय." नवरा दरडावून म्हणाला, "खंयच जावचा नाय आये. गप झोप." त्या झोपल्या, निदान आडव्या झाल्या. मी पडल्या पडल्या रुमालाखाली हात घालून लव चाचपत होते. दर वेळी मला ती कमी वाटत होती.

मला खरी भीती कसली होती ते सांगते. केस नसण्याची सवय झाली होती. येऊन जाण्याची भीती होती. एकदा गेले ते सोसलं होतं, दुसऱ्यांदा सोसायची ताकद माझ्यात नव्हती आणि ते मला ठाऊक होतं. आणि गोळ्या समोरच होत्या. व्हाळावरचा साकव ओलांडला, की चार शेतांपलीकडे घर. मीच का गेले नाही? भुतांची भीती मला नाही. पण पाळण्यातल्या पोरापासून मांजरापर्यंत सगळा गाव ज्या रेषेच्या अलीकडे थांबला होता ती एकटीने ओलांडायला माझे पाय तयार नव्हते. उद्या सकाळी डॉक्टरणीला फोन करायचा, असं ठरवून मी डोळे मिटले.

सकाळी व्हाळावर तोंड-डोकं धुत होते. अजून धुकं होतं, बायका पांगलेल्या होत्या, म्हणून रुमाल काढून दगडावर ठेवला होता. वर बघितलं तर साकवाच्या तोंडाशी सासूबाई. हातात काठी, चपला काढून बाजूला नीट लावलेल्या, देवळात जाताना काढतात तशा.

मी पळत सुटले. रुमाल दगडावरच राहिला.

"आई! खंय चाललास?"

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. समोर गावाकडे तोंड करून म्हणाल्या, "गोळ्यो हाडूक."

"तुमका ठाऊक आसा ना, जावचा नाय तां?"

"माका ठाऊक नाय तर कोणाक ठाऊक? इतक्या गावपळणी काढलंय मी. कधी मागे वळान पण बगूक नाय." या बाईने आयुष्यात देवाचा शब्द मोडला नव्हता, आणि आतल्या रिकाम्या गावात या दिवसांत काय फिरतं यावर तिचा अगदी पुरता विश्वास होता. "मी म्हातारी. माझा काय होवचा ता होवंदे. देव माका वळाखता. तेका सांगतलंय, सुनेच्या गोळ्यो न्हेवक इलंय, रागाव नुको."

मी त्यांचा दंड धरला. तेव्हा त्या वळल्या आणि माझं डोकं त्यांच्यासमोर आलं, ओलं, उघडं. त्यांनी मान खाली घातली नाही. बघत राहिल्या. मग काठी बगलेत धरून दोन्ही हात वर केले आणि माझ्या टाळूवर ठेवले.

"इले गो," त्या म्हणाल्या. "बारीक बारीक इले." आणि मग ज्या बाईला मी सासऱ्यांच्या मरणातही मोठ्याने रडताना पाहिलं नव्हतं, ती रडायला लागली. "आणि मी तुझ्यो गोळ्यो ठेवन इलंय."

मी त्यांना चपला घातल्या आणि हाताला धरून परत आणलं. तेवढ्यात व्हाळावर निम्म्या गावाच्या बायका जमल्या होत्या. सगळ्यांनी माझं डोकं बघितलं. मला तेव्हा त्याचं भान नव्हतं, नंतर आलं, आणि तोवर फार उशीर झाला होता.

फोनला रेंज फक्त वरच्या टेंबावर, टेकडीच्या माथ्यावर होती, तीही ओरडून बोललं तर. मी ओरडून बोलले. माझं नाव, दुखणं, गोळ्या, देव्हारा, गावपळण, सगळं त्या टेंबावरून खालच्या झोपड्यांना ऐकू जात होतं. डॉक्टरीण म्हणाली, "म्हणजे गोळ्यांना राखणीला ठेवून तुम्ही बाहेर आलात." मी हसले की रडले, मला आठवत नाही. मग ती शांतपणे म्हणाली की दोन-चार दिवस चुकल्याने आलेले केस गळून पडत नाहीत. मुळं इतक्या हळू जागी होतात, तशी एका रात्रीत झोपतही नाहीत. परत गेल्यावर नेहमीची एकच घ्यायची, राहिलेल्या भरून काढायला दोन-तीन एकदम घ्यायच्या नाहीत. "आणि यापुढे थोड्या पर्समध्ये ठेवा. देवाला पाकीट दाखवा रिकामं."

खाली आले तर शेजारच्या झोपडीतली म्हातारी माझी वाट बघत उभी. मला वाटलं आता म्हणणार, केसच ना. ती म्हणाली, "काय म्हणता डॉक्टरीण?" मी सांगितलं. तिने ते तिच्या सुनेला सांगितलं, सुनेने पुढच्या झोपडीत, आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं की राखणदार चुकतो तेव्हा काय होतं आणि त्यावर कसल्या गोळ्या असतात. काहींनी ते उलटंसुलटं करून सांगितलं. एकीने येऊन हळूच विचारलं की तिच्या भाचीच्या डोक्यावर अशीच एक चाई आहे, तर बिब्बा लावावा का. मी तिला इतक्या मोठ्याने नाही म्हटलं की ती दचकली.

व्हाळावरच्या दगडावरून उचलून आणलेला रुमाल माझ्या हातात होता. मी तो बांधला, कारण ऊन वाढलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी, पुजारी आणि जाणती माणसं कौल घ्यायला देवळाकडे गेली. आम्ही सगळे सीमेवर सामान बांधून उभे. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ काहीच पडलं नाही म्हणे. मुलं रडायला लागली, गुरं ओढ घेऊ लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या देवाशी बोलले, आणि काय बोलले ते माझ्यापाशीच राहू दे. मग देवळाकडून नौबतीचा आवाज आला आणि सगळ्या गावाने एकदम "होय म्हाराजा" म्हटलं.

आज माझ्या डोक्यावर केस आहेत. आहेत म्हणजे कानांपर्यंत येतात, काळे-पांढरे, हट्टी. उजव्या कानामागची ती पहिली जागा अजून भरलेली नाही, आणि भरेलच असं डॉक्टरीण म्हणत नाही. गोळ्या चालू आहेत. दर तपासणीचा कागद हातात आला की मी आधी शेवटची ओळ वाचते. किती वर्षं घ्यायच्या, सोडल्यावर काय होईल, हे मी विचारते आणि ती खरं उत्तर देते, की नक्की माहीत नाही. ते उत्तर मला आता झेपतं. तेव्हा झेपलं नसतं.

त्या चौथ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दार उघडल्यावर आतून बंद घराचा गार वास आला. परतल्यावर काय करायचं याचा सासूबाईंचा क्रम ठरलेला आहे. आधी अंगणात सडा, मग विहिरीचं ताजं पाणी, मग देवाजवळ दिवा, मग चूल. दिवा लागल्याशिवाय घरात कोणी तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा नाही. एकदा त्यांचा नातू, नणंदेचा मुलगा, तापाने फणफणला होता तेव्हाही त्यांनी आधी दिवा लावला होता आणि मग औषध दिलं होतं. मी खराटा घेतला. नवरा म्हैस बांधायला गेला.

सासूबाई मात्र भिंतीला धरत धरत सरळ देवघरात गेल्या. मी दारात जाऊन बघितलं. अंधारात त्यांनी नारळाशेजारची निळी पिशवी उचलली, चाचपून एक गोळी बाहेर काढली, आणि व्हाळावरून भरून आणलेला तांब्या पुढे केला.

"आई, दिवो लावचो आसा अजून," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, नीट, सरळ.

"देव रवतलो वायच," त्या म्हणाल्या. "तू आदी घे."

देवाला तसंच थांबवून मी उंबऱ्यात उभी राहून गोळी घेतली. ती पोटात गेली असं वाटेपर्यंत त्या तशाच थांबल्या, आणि मग काडेपेटी शोधू लागल्या.